बाबिकरचा फोन चालू आहे

हसबूने ती तबकडी गावात आणली तेव्हा आमच्या वद नईलमध्ये फोन ही वस्तू फक्त विजेरी म्हणून उरली होती. लढाई सुरू झाली आणि मनोरे एकेक करत बंद पडले. शेवटचा नेमका कधी पडला ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ज्याच्यावरून सांगायचं तेच गेलं होतं. हसबू सौदीत एसी दुरुस्तीची कामं करायचा. सगळं सुदान बाहेर पळत होतं तेव्हा हा शहाणा उलटा घरी आला, आणि येताना आकाशातून इंटरनेट पकडणारी तबकडी खजुरांच्या पोत्यात दडवून आणली. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर बंदूकवाल्यांनी ओंजळभर खजूर खाल्ले आणि पोतं पुढे जाऊ दिलं.

त्याने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर बसवली. सौर पाट्यांवर बॅटरी भरायला दुपार व्हायची, म्हणून दुपारच्या नमाजापासून दिवस कलतानाच्या असरच्या नमाजापर्यंत सगळं गाव त्याच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली. फोन बाजेवर ओळीने मांडलेले. हसबूचा नियम एकच होता. तो म्हणायचा, "रडायचं असेल तर कोंबड्यांकडे तोंड करून रडा, भांडायचं असेल तर रस्त्यावर जा. माझ्या अंगणात फक्त ऐका."

आणि ऐकायचं ते सगळ्यांनी मिळून. कुणी फोन कानाला लावला की शेजारची म्हणायची, "आम्हालाही ऐकव ना गं, आमच्याकडे आज काही आलेलं नाही." जिच्याकडे काहीच आलेलं नाही तिला नाही कसं म्हणणार? अशी रीतच पडून गेली. आलेला निरोप मोठ्या आवाजात लावायचा, मग तो मुलीचा असो की सावकाराचा. हाज्ज तोमच्या धाकट्या बायकोने पोर्ट सुदानहून पाठवलेला लाडिक निरोप थोरलीने आमच्याबरोबरच ऐकला, आणि हाज्ज तोम बरेच दिवस मशिदीत झोपला. आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या अंगणात हसणंही सगळ्यांचं मिळूनच असायचं.

माझ्याकडे येण्यासारखा निरोप एकाच माणसाचा होता. बाबिकर माझा नवरा, माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. ओम्दुरमानमध्ये गोळे पडायला लागले तेव्हा त्याने मला, आमच्या तान्ह्या रीमला आणि आत्याला गावच्या बसमध्ये बसवलं आणि स्वतः घर राखायला मागे राहिला. "घर रिकामं दिसलं तर दारं-चौकटीसुद्धा उपटून नेतील. जरा शांत झालं की येतोच," असं म्हणाला होता. चौकटी राखायला माणूस ठेवायचा, ही अक्कल तेव्हा ओम्दुरमानच्या प्रत्येक घरात निघाली होती. मी भांडले. पण बसवाला भोंगा वाजवत होता आणि रीम रडत होती, त्यामुळे भांडण अर्धंच राहिलं.

तबकडी आल्यावर आम्ही त्याला निरोप पाठवायला लागलो. आत्याला, म्हणजे सित्तनाला, अक्षरओळख नाही. पण त्या खुणा ती चार दिवसांत शिकली. एक करडी टिक म्हणजे निरोप निघाला, पण पोचला नाही. दोन झाल्या म्हणजे त्याच्या फोनपर्यंत पोचला. आणि आवाजाच्या निरोपापुढचा माईक निळा झाला, म्हणजे त्याने तो लावून ऐकला. आमच्या सगळ्या निरोपांना एकच टिक. आत्या रोज फोन डोळ्यांजवळ धरायची, रोज म्हणायची, "उद्या होतील." बाबिकरचा नंबर तिला तोंडपाठ होता. जगात तेवढाच एक नंबर तिला पाठ होता. तसबीचे मणी ओढताना मधूनच ती तो म्हणायची.

मी तिची टर उडवायचे. "आत्या, अल्लाला त्याचा नंबर माहीत असेल गं." ती म्हणायची, "असेल. पण तुझ्या तोंडून त्याचं नाव येत नाही, म्हणून मी आठवण करून देते." आमचं असंच चालायचं. आत्या आणि सासू एकच असली की भांडायला दोन नाती मिळतात, आणि आम्ही दोन्ही पुरेपूर वापरायचो.

मग एके दुपारी मी फोन बाजेवर ठेवला आणि बघते तर दोन टिका. एका निरोपाला नाही, सगळ्यांना. मी ओरडले तशा बायका धावत आल्या. आणि आमच्या डोळ्यांसमोर पहिल्या निरोपाचा माईक निळा झाला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. तिकडे कुणीतरी बसून आमचे निरोप एकामागून एक ऐकत होतं. आम्ही सगळ्या श्वास रोखून बघत होतो. आत्याचा एक फार लांब निरोप होता, त्यात तिने बकरीच्या बाळंतपणाची सगळी हकिगत सांगितली होती. तो निळा व्हायला वेळ लागला तेव्हा हसबू म्हणाला, "बघा, शेवटपर्यंत ऐकतोय. पोटचा पोरगाच एवढं ऐकेल." आत्याने तोंडावर हात आडवा धरून लग्नात देतात तसा आनंदाच्या किलकारीचा लांबलचक झगरूता दिला. खुराड्यातल्या कोंबड्या उडाल्या.

मी रडले. कोंबड्यांकडे तोंड करायचंही सुचलं नाही. माझा नवरा जिवंत होता. दुसरा काही अर्थ असू शकतो हे मला सुचलं नाही, त्या अंगणात कुणालाच सुचलं नाही.

आत्याने लगेच करामा केली. जीव वाचला की करामा करायची, ही आमची जुनी रीत. तिने बियाण्याला ठेवलेली ज्वारी आणि चवळी काढली, मोठ्या हंड्यात घुगऱ्या शिजवल्या आणि गावातल्या पोराटोरांना वाटल्या. बायकांनी मला धरलं. नवरा समोर नसला की आमच्याकडे बाई मेंदी लावत नाही, धुरी घेत नाही. पण त्या म्हणाल्या, आता समोर यायला किती वेळ लागणार? आत्याने स्वतः न्हाणीमागे खड्डा खणला, तल्हची लाकडं पेटवली आणि मला घोंगडी पांघरून धुरीवर बसवलं. पायांना काळी मेंदी लागली. "जरा गप्प बसायला शीक," मेंदी लावता लावता आत्या म्हणाली, "तो आला की पहिल्याच दिवशी तोंड सोडू नकोस."

पण उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निरोप पाठवले, ते ऐकले गेले. तिसऱ्या दिवशी पाठवले, तेही ऐकले गेले. उत्तर नाही. हसबू म्हणाला, तिकडे बॅटरीची मारामार असेल. हाज्ज तोम म्हणाला, चौकीवर फोन तपासतात, म्हणून घाबरत असेल. मला माझ्या नवऱ्याची जात चांगली ठाऊक. ऐकतो आणि बोलत नाही म्हणजे त्याने दुसरी केली असणार, हे माझं मत. रिकामं शहर, राखायला आख्खं घर, शेजारी कुणी विधवा. मी घराच्या आड जाऊन त्याला असे असे निरोप पाठवले की ते मी इथे सांगणार नाही. एकदा शिव्या दिल्या. एकदा रीमचा बोबडा आवाज पाठवला. एकदा सांगितलं की दुसरी केली असलीस तरी चालेल, पण तोंडाने सांग. सगळे माईक निळे.

आत्याने मात्र वेगळाच अर्थ लावला.

"त्याच्या तोंडाला लागलंय," एका सकाळी किस्राची पोळी तव्यावर पसरता पसरता ती म्हणाली.

"काय?"

"गोळीचा तुकडा लागला असेल जबड्याला. ऐकू येतं, बोलता येत नाही. माझा मुलगा माझं ऐकून उत्तर देणार नाही असं कधी झालंय?"

"मग अंगठा दाबायला काय झालं? ते हसरं तोंड पाठवता येतं ना. त्याला जबडा कशाला लागतो?"

"हातालाही लागलं असेल."

"आणि मग निरोप कोण लावतंय? नाकाने लावतो?"

"तू हस," ती म्हणाली. "एकटं पोर माझं तिकडे पडलंय, त्याला पाणी पाजायला कुणी नाही, आणि तू हस." आणि त्या दुपारी तिने फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः निरोप पाठवला. "बाबिकर, बाळा, मी येते. पहिली लॉरी मिळेल तिने येते. तू दार लावून पडून राहा. मी आल्यावर तीनदा टकटक करीन."

हा निरोप निळा झालेला आम्ही पाहिला, आणि लगेच हसबूने तबकडी खाली घेतली. शेजारच्या गावात बंदूकवाले शिरल्याची खबर आली होती, आणि ते आले की पहिल्यांदा तबकड्याच शोधत. त्याने ती वैरणीच्या गंजीत पुरली, सौर पाट्यांवर शेण सारवलं. आमच्या गावात ते आले, दोन गाढवं आणि हाज्ज तोमचा रेडिओ घेऊन गेले. हसबू तरीही तबकडी काढेना. अंगण ओस पडलं. बायका सवयीने तिथे येऊन बसत, बाजेवरचे मुके फोन बघत आणि उठून जात.

त्याच दिवसांत कांद्याची लॉरी आली. उत्तरेकडे ओम्दुरमानच्या बाजूला, जिथवर रस्ता मोकळा आहे तिथवर जाणारी. आत्याने गाठोडं आधीच बांधलेलं होतं.

मी वाट अडवून उभी राहिले. "तिकडे माणसं कुत्र्यांसारखी मरतायत. तुला गुडघ्याने उठवत नाही आणि तू चाललीस लढाईत?"

"तो ऐकतोय, इख्लास. रोज ऐकतोय. मेलेल्या माणसाचे निरोप कुणी ऐकतं का?"

"निदान तबकडी वर चढू दे. उत्तर येऊ दे."

"उत्तर यायचं असतं तर आलं असतं," ती म्हणाली आणि माझा हात तिने बाजूला केला. मग रीमचा मुका घेतला. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मेंदी फिकी होतेय, पुन्हा लाव. मी त्याला घेऊन येते." लॉरीवाल्याने तिला कांद्याच्या पोत्यांवर चढवलं. मी रागाने हातही हलवला नाही.

लॉरी गेली, आणि पुढे काही दिवसांनी हसबूने वैरण उपसली. मी पहिली जाऊन बसले. फोन लागताच बाबिकरच्या नावावर निरोप आलेला दिसला. आवाजाचा. त्याच्या नावापुढे त्याचाच फोटो, दुकानात गल्ल्यावर बसलेला. माझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलंच, आणि रीतीप्रमाणे सगळे जमले. "लाव, लाव," हाज्ज तोमची थोरली म्हणाली, "मोठ्याने लाव." मी लावला.

आवाज कोवळा होता आणि बोली पार पश्चिमेकडची, दारफुरी.

"ताई, माफ करा. आजींना सांगा, येऊ नका. मी तुमचा माणूस नाही. माझं नाव अब्बकर. हा फोन मी बाजारात घेतला. विकणारा म्हणाला, मालकाकडून कुलपाचे आकडे विचारूनच घेतलेत, फोन उघडा आहे. तुमचे निरोप आले, मी पहिला ऐकला. मग सगळे ऐकले. रोज ऐकत होतो. बोलायला पाहिजे होतं, पण बोललो असतो तर तुमचे निरोप थांबले असते. आता आजी निघते म्हणाल्या म्हणून बोलतोय. येऊ देऊ नका. इथे कुणी नाही."

तेवढाच निरोप. मालकाकडून आकडे विचारूनच घेतलेत. कसे विचारले असतील ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, या देशात ते आता पोरांनाही ठाऊक आहे. कुणीतरी फातिहा म्हणायला हात वर उचलले आणि दुसऱ्या कुणीतरी ते खाली ओढले, कारण मेला असंही कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोन उचलला आणि त्याला काय काय बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं. चोरा म्हटलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हटलं. माझ्या घरातल्या गोष्टी ऐकत बसलास, तुला आई-बहीण नाही का म्हटलं. माझे ते निरोप एका परक्या माणसाने ऐकले होते, शिव्या, रडणं, सगळं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी डोक्यात आलं की आत्या कांद्यांवर बसून गेली आहे आणि तिच्याकडे फोनसुद्धा नाही.

मग मी दुसरा निरोप पाठवला. आवाज खाली आणून. "भाऊ, ती निघालीय. आमचं घर ओम्दुरमानमध्ये पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत आहे, निळं दार. तू तिथे जा. ती पोचायच्या आत जा. तिला सांग परत फिर."

तो तेव्हा तिथेच होता, लगेच उत्तर आलं. "ताई, मी न्यालात आहे. ओम्दुरमान मी कधी पाहिलेलंही नाही."

न्याला म्हणजे देशाचं दुसरं टोक. फोन हातोहात विकत तिथवर गेला होता. माझा नवरा कुठे राहिला होता कुणास ठाऊक.

संध्याकाळी मी धर्माचं जाणणाऱ्या गावच्या फकीकडे गेले. पांढरा तोब नेसून विधवेच्या इद्दतीत बसायचं की नाही, ते विचारायला. म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, "मुली, प्रेत नाही, साक्षीदार नाही. बसता येणार नाही." मी म्हटलं, "मग मी कोण?" तो म्हणाला, "थांब." एवढी वर्षं किताबं वाचून त्याला हा एकच शब्द सापडला. मला त्याचा राग आला, आणि त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं याचा त्याहून जास्त आला.

युक्ती मलाच सुचली. आत्याला पाठ आहे तो एकच नंबर. वाटेत जिथे कुठे तबकडी दिसेल तिथे ती कुणाचा तरी फोन मागेल आणि बाबिकरला लावेल. मला नाही लावणार. म्हणजे वाजला तर तो अब्बकरच्या हातात वाजणार.

मी त्याला सांगितलं, "फोन बंद ठेवू नकोस. अनोळखी नंबर आला की उचल. तू अब्बकर आहेस असं तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती तिथेच जीव सोडेल, नाहीतर तुलाच शोधायला न्यालाला येईल. तू बाबिकर हो. फक्त एवढं म्हण, युम्मा, घरी परत जा, मीच गावाला येतोय."

त्याचं उत्तर आलं. "ताई, माझ्या बोलीवरून त्या ओळखतील."

"म्हणून कमी बोल. म्हणून दाखव."

त्याने म्हणून दाखवलं. अंगणात सगळ्यांनी ऐकलं. हाज्ज तोम म्हणाला, "हा तर उंट हाकल्यासारखं म्हणतोय." थोरली म्हणाली, "त्याला सांग, बाबिकर आईला हाक मारताना 'युम्मा' लांब ओढतो, शेवटी जरा रुसल्यासारखा. लहानपणापासून तसंच आहे." मी सांगितलं. त्याने पुन्हा पाठवलं. हसबूने चूक काढली. मी माझ्या आवाजात नवऱ्याची नक्कल करून पाठवली. मला ते जमलं. न्यालात तो शिंपी (आता कळलं होतं की तो शिंपी आहे) मशीन बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा युम्मा, युम्मा म्हणत होता. एक वेळ अशी आली की 'परत जा' अजून परकंच वाटत होतं, पण 'युम्मा' हुबेहूब बाबिकरचा झाला. अंगणातल्या बायकांनी तोबाचे पदर तोंडाला लावले. मी त्याला म्हटलं, "हा बरोबर आहे. हाच म्हण."

मग रोजचं काम एकच. "वाजला का?" मी विचारायचे. "नाही, ताई," तो म्हणायचा. कधी सांगायचा, आज बॅटरी शेजाऱ्याकडून भरून घेतली. कधी सांगायचा, आज गिऱ्हाईक आलं तेव्हाही फोन मांडीवरच होता. मी त्याला एकदाही बरा आहेस का विचारलं नाही. एवढी मी चांगली नाही. पण त्याचं उत्तर यायला उशीर झाला की मी फोन हातातून खाली ठेवायचे नाही, हेही खरं.

आणि एके दुपारी मी विचारायच्या आधीच त्याचा निरोप येऊन पडलेला होता.

"वाजला, ताई! सकाळी वाजला. मी उचलला. तिकडून म्हातारा आवाज आला, बाबिकर? मी युम्मा म्हणालो. तुम्ही शिकवलंत तसंच. त्या नुसत्या रडायला लागल्या. मग म्हणाल्या, येते रे, येते. मी 'परत जा' म्हणणार, तेवढ्यात लाइन गेली. आमच्याकडची गेली की तिकडची, कळलं नाही. मी पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. नंबर पाठवतोय. ताई, मी फक्त युम्मा एवढंच म्हणालो."

मी तो नंबर लावला. लागला. बाईचा आवाज, मागे भांड्यांचा खणखणाट. लॉरीतळावरची चहावाली होती.

"हो गं, माझ्याच फोनवरून लावला होता," ती खुशीत म्हणाली. "तू सून का? मुबारक हो बाई! काय झगरूता दिला म्हातारीने, अख्खा तळ गोळा झाला. गाठोड्यात जेवढं खायचं होतं तेवढं सगळं वाटून टाकलं, म्हणाली करामा आहे, घ्या. माझ्याही हातावर वाळलेली भेंडी ठेवली."

"आता कुठे आहे ती? तिला बोलव. लवकर बोलव."

"आता कुठली इथे? पुढचा रस्ता तर कालपासून बंद आहे, गोळे पडतायत. कांदेवाल्याने लॉरी परत फिरवली. तीही फिरणार होती गं. पोत्यांवर चढून बसली होती, म्हणत होती, गुडघे गेले, जाते आपली घरी सुनेकडे. लॉरी सुरू झाली होती. मग म्हणाली, थांब रे, जाता जाता एकदा लेकाला लावून बघते."

"मग?"

"मग काय? उतरली. मीठ घेऊन जाणाऱ्या गाढवगाड्या शेतांमधून जातात, त्यांच्याबरोबर गेली पुढे. मी म्हटलं नको जाऊस, सगळ्यांनीच म्हटलं. ऐकते कुठली? आता तूच सांग, लेकाचा आवाज ऐकल्यावर कुठली आई मागे फिरेल?"